तुफानासाठी ठेवलेले शीड

मृग लागण्याच्या सुमारास कोकणच्या किनाऱ्यावर होड्या वाळूवर ओढल्या जातात. झावळ्यांचे झाप त्यांच्यावर चढतात, डोलकाठ्या उतरतात, शिडे गुंडाळून माळ्यावर जातात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण होईपर्यंत शिडाची होडी पाण्यात घालावयाची नाही असा परिपाठ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तुफानाशी झुंजण्याच्या युक्त्या शोधण्यापेक्षा तुफानाच्या वाटेस न जाणे हे या किनाऱ्याने काढलेले उत्तर होय, आणि ते उत्तर पुष्कळ शहाणपणाचे आहे. तरीही लांबच्या सफरीवर जाणाऱ्या अरबी समुद्रातील गलबतांना एवढ्यावर निभावून नेता येत नसे. त्यांचे तिरक्या परबाणावरचे शीड वारा वाढला म्हणून सहजासहजी आखडता येत नाही. म्हणून अशा गलबतांवर लहानमोठी दोनतीन शिडे बाळगीत. वारा चढला की परबाण खाली घ्यावयाचे, मोठे शीड सोडवावयाचे आणि त्याच्या जागी लहान बांधावयाचे. हे काम वेळखाऊ, माणसे पुष्कळ लागणारे आणि भर वाऱ्यात अंगावर येणारे असे. तांडेलाची खरी परीक्षा ते काम केव्हा हाती घ्यावे हे ठरविण्यात होती.

आज जगातील महासागरांवर तीस-चाळीस फुटी शिडाच्या नौका घेऊन एकटेदुकटे प्रवासी हिंडतात. त्यांच्यापुढेही नेमका हाच प्रश्न उभा असतो. वारा बेफाम झाला असता नौकेच्या नाळेकडे कोणते शीड चढवावे? ते केवढे असावे, कशावर चढवावे, आणि कोणी व केव्हा चढवावे? वरवर पाहता हा केवळ काही चौरस मीटर कापडाचा प्रश्न वाटतो. परंतु त्या कापडाच्या निवडीवर नौका किनाऱ्यापासून दूर निघते की खडकावर जाते हे काही वेळा ठरलेले आहे, आणि निवड करावयाची असते ती मात्र बंदरात, निवांत हवेत, तुफान अजून कल्पनेतही नसताना.

या विषयाचा मुंबईशी असलेला एक संबंध पुष्कळांच्या विस्मरणात गेला आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुण ब्रिटिश बोट अधिकाऱ्याने कुलाब्याच्या गोदीत सागवानी लाकडाची एक नौका बांधून घेतली. नॉर्वेच्या किनाऱ्यावरील, दोन्ही टोकांना निमुळत्या होणाऱ्या होड्यांच्या घाटणीवर तिचा आराखडा बेतलेला होता. कारागीर आणि त्यांची हत्यारे मात्र येथली होती. १९६४ च्या डिसेंबरात ती पाण्यात उतरली. इराणच्या आखातातील अरब खलाशी आग्नेय वाऱ्याला ज्या नावाने ओळखतात ते ‘सुहेली’ हे नाव तिला मिळाले. १४ जून १९६८ रोजी हीच बत्तीस फुटी नौका इंग्लंडमधील फाल्मथ बंदरातून निघाली आणि २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून त्याच बंदरात परत आली. एकट्या माणसाने कोठेही न थांबता केलेली ती पहिली प्रदक्षिणा. दक्षिण महासागरात शिरल्यावर लवकरच, सप्टेंबरच्या प्रारंभी, एका लाटेने सुहेलीला आडवे पाडले. केबिनच्या कडेला भेगा पडल्या आणि आपोआप सुकाणू सांभाळणाऱ्या यंत्रालाही इजा झाली. तेथून पुढे महिनोन्‌महिने एकामागून एक येणाऱ्या वादळांतून नौका कशी न्यावी हे नॉक्स-जॉन्स्टन यांना प्रयोगानेच ठरवावे लागले. त्यांनी नौकेच्या मागे जाड दोराचा लांबच लांब फास सोडला, मोठी शिडे उतरविली आणि नाळेकडे एक अगदी लहान, जाड कापडाचे शीड चढवून त्याचे दोर दोन्ही बाजूंनी आवळून ते नौकेच्या मध्यरेषेत पाटासारखे ताणून ठेवले.

या मांडणीत शीड नौकेला ओढण्यासाठी नव्हतेच. मागचा दोर पाण्यात ओढला जात असल्याने नौकेचा वेग आवरला जातो आणि तिची पाठ लाटेकडे राहते. एखाद्या लाटेने नाळ बाजूला फेकली तर मध्यरेषेत ताणलेल्या त्या शिडाच्या एका अंगावर वारा बसतो व नाळेला पुन्हा वाऱ्याच्या दिशेने वळवितो. बाणाला मागे पीस असते, येथे पीस पुढे लावलेले आहे असे वाटेल. पण मागच्या दोराचा ओढा आणि पुढच्या शिडाचा रेटा या दोहोंच्या मध्ये नौका सरळ राहते. सुकाण्यावर माणूस नसतानाही राहते, आणि एकट्या खलाशाच्या दृष्टीने ही गोष्ट लाखमोलाची; त्याला झोप मिळते.

लहान शिडाची गरज का पडते हे कळण्यासाठी वाऱ्याच्या जोराचा हिशेब थोडा पाहिला पाहिजे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो आणि तिप्पट झाला की नऊपट. ताशी वीस सागरी मैलांचा, म्हणजे वीस नॉटचा, खेळकर वारा एका चौरस मीटरवर साधारण साडेसहा किलो भाराइतका दाब देतो. चाळीस नॉटला तो सव्वीस किलोंच्या घरात जातो आणि साठ नॉटला साठ किलोंच्या आसपास. वीस नॉटच्या वाऱ्यात तीस चौरस मीटरचे पुढचे शीड सुखाने चालविणारी नौका साठ नॉटमध्ये तेवढाच ओढा अवघ्या सव्वातीन चौरस मीटर कापडातून मिळवील. शिवाय डोलकाठी, तारा, दोर आणि नौकेची बाजू ही सारी त्या वाऱ्यात आपापल्या परीने शीडच बनलेली असतात.

मग शिडे सारीच उतरवून उघड्या डोलकाठीने का जाऊ नये? भोवती शेकडो मैल मोकळे पाणी असेल तर जावे. पुष्कळ जण गेले आहेत आणि सुखरूप पोहोचले आहेत. परंतु उघड्या डोलकाठीची नौका वाऱ्याच्या दिशेनेच वाहू शकते. वाऱ्याच्या खालच्या अंगाला किनारा असेल तर ती ज्या दिशेला जाते ती दिशा खडकांची असते. त्या वेळी वाऱ्याच्या तोंडावर तिरके चढून किनाऱ्यापासून दूर निघण्याची शक्ती नौकेत असली पाहिजे, आणि ती शक्ती तिला ताठ, सपाट, लहान अशा शिडाखेरीज मिळत नाही. इंजिनाचा भरवसा धरणारे पुष्कळ असतात. मात्र उंच लाटांत पंखा वरचेवर पाण्याबाहेर येतो, टाकीच्या तळाचा गाळ ढवळून नळीत बसतो आणि ऐन वेळी इंजिन घुसमटून बंद पडते. प्रवासी नौकेने तुफानाचे शीड बाळगावे याचे पहिले कारण हेच आहे. शर्यतीच्या नियमात ते लिहिलेले असते ही गोष्ट दुय्यम मानावी.

शर्यतीचा उल्लेख निघाला म्हणून १९७९ सालच्या फास्टनेट शर्यतीची हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे. इंग्लंडच्या काउज बंदरातून निघून आयर्लंडच्या दक्षिण टोकाजवळील फास्टनेट खडकाला वळसा घालून प्लिमथला परत यावयाचे, असा हा सुमारे सहाशे मैलांचा मार्ग तेव्हा होता. त्या वर्षी ११ ऑगस्टला ३०३ नौका निघाल्या. १३ ऑगस्टची रात्र आणि १४ ची पहाट यांच्या दरम्यान भयंकर वादळाने त्यांना गाठले. शर्यतीतील पंधरा खलाशी मृत्युमुखी पडले, चोवीस नौका माणसांनी सोडून दिल्या आणि पाच बुडाल्या. त्या रात्री बहुतेक नौकांना लोळविले ते वाऱ्यापेक्षा उभ्या चढून फुटणाऱ्या लाटांनी. हे ध्यानात ठेवले नाही तर शिडाकडून नको तेवढी अपेक्षा केली जाते. परंतु त्याच रात्री सर्वांत लहान नौकांच्या वर्गातील ‘असेंट’ नावाची एकच नौका शर्यत पुरी करून आली. कॉन्टेसा ३२ या नमुन्याची, बत्तीस फुटी, खोल व वजनदार कण्याची ती नौका होती. ज्या हवेत तिच्या वर्गातील बाकीच्या साऱ्या नौकांना शर्यत सोडावी लागली, त्या हवेत ती पुढे जात राहिली.

त्यानंतरच्या काळात प्रवासी नौकांवर एक मोठी सोय आली, आणि तुफानाच्या शिडाचा प्रश्न त्या सोयीनेच अधिक अवघड करून ठेवला. पूर्वी पुढचे शीड लहानमोठे करावयाचे म्हणजे नाळेवर जाऊन एक उतरवावयाचे आणि दुसरे चढवावयाचे असे. डोलकाठीच्या शेंड्यापासून नाळेच्या टोकापर्यंत ताणलेल्या पोलादी तारेला शिडाची पुढची कड पितळी आकड्यांनी अडकवीत. आता त्या तारेभोवती खाचेची एक नळी बसवितात, शिडाची कड त्या खाचेतून ओवतात आणि खालच्या चरकाला दोर गुंडाळून नळी फिरवितात. पाठीमागे सुकाण्याजवळ बसून एक दोर ओढला की सारे शीड चटईप्रमाणे गुंडाळले जाते. अर्धे गुंडाळले तर अर्धे शीड. नवराबायको दोघेच समुद्रावर निघालेले असोत की एकटा वृद्ध खलाशी असो, त्यांना हे यंत्र म्हणजे वरदान वाटते, आणि पंचवीस नॉटपर्यंत ते वरदान आहेही.

अडचण त्यापुढे सुरू होते. मोठे शीड हलक्या वाऱ्यासाठी पोटाळ शिवलेले असते. ते गुंडाळीत नेले की कडा आवळल्या जातात आणि मधले पोट तसेच राहते. वारा वाढेल तसे शीड सपाट हवे. येथे ते उलट अधिक पिशवीसारखे होत जाते. पुढच्या कडेत फोमची पट्टी शिवून शिवणारे हे पोट काहीसे खाऊन टाकतात, तरी एकतृतीयांशाहून अधिक शीड गुंडाळल्यावर त्याचा आकार फारसा कामाचा राहत नाही असा सर्वसाधारण अनुभव आहे. दुसरे असे की त्याचे कापड हलके असते, आणि साठ नॉटच्या वाऱ्यासाठी ते विणलेलेच नसते. तिसरे, गुंडाळलेल्या शिडाचा जाड सोट नाळेच्या अगदी टोकावर उभा राहतो. उरलेला तुकडाही तेथेच, पुढे आणि वर. नौकेचे नाक त्यामुळे वाऱ्यापासून खाली ढकलले जाते आणि तिला वर चढावेसे वाटत नाही. शेवटची गोष्ट सर्वांत भयंकर आहे. या सगळ्या मांडणीला धरून ठेवणारा दोर एकच, आणि तोही बोटाएवढा. तो घासून तुटला की तीस चौरस मीटरचे पुरे शीड भर तुफानात क्षणार्धात उलगडते. मग डोलकाठी तरी हादरून खाली येते, नाही तर शीड चिंध्या होईपर्यंत फडफडत राहते. अनुभवी खलाशी अशा हवेत गुंडाळलेल्या शिडाभोवती दोराचे चारपाच वेढे घालून घेतात, ते याच धास्तीने.

तेव्हा गुंडाळीच्या शिडाने तुफान काढता येईल ही समजूत प्रवाशाने बंदरातच सोडलेली बरी. मग वेगळे शीड चढवावे कशावर? गुंडाळीचे शीड उतरवून त्याच खाचेत लहान शीड ओवणे हा कागदावर सोपा दिसणारा मार्ग आहे. प्रत्यक्षात मोठे शीड खाली घेण्यासाठी आधी ते पुरते उलगडावे लागते, आणि पन्नास नॉटच्या वाऱ्यात ते उलगडणे म्हणजे जे टाळावयाचे तेच स्वहस्ते ओढवून घेणे होय. ज्याने हा उपाय मनात धरला असेल त्याने वादळापूर्वी निदान बारा तास तो अमलात आणला पाहिजे. एवढी दूरदृष्टी माणसाला नेहमी सुचतेच असे नाही.

दुसऱ्या मार्गात गुंडाळलेल्या शिडाच्या सोटाभोवतीच म्यानासारखी घडी घालून वर चढणारे लहान शीड वापरतात. ते विकत मिळते, खर्च थोडा येतो आणि नौकेच्या बांधणीत काही बदल करावा लागत नाही. किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडणाऱ्यांना ते पुरेसे आहे. त्याचा दोष जागेचा आहे. ते नाळेच्या अगदी टोकाशी, सर्वांत उसळणाऱ्या जागी चढवावे लागते, आणि त्याचा रेटाही तेथेच पडतो.

तिसरा मार्ग खर्चिक आहे, खटपटीचाही आहे, आणि लांबच्या प्रवाशाने तोच पत्करावा. मुख्य तारेच्या मागे, नाळ आणि डोलकाठी यांच्या दरम्यान, एक दुसरी आतली तार बसवावयाची. एरवी ती सोडवून डोलकाठीजवळ बांधून ठेवता येते. हवा बिघडण्याची चिन्हे दिसताच पुढे आणून तरफेने ताणावयाची. अलीकडे पोलादी तारेऐवजी डायनीमा या कृत्रिम धाग्याचा दोरही वापरतात. तो हलका असतो आणि बांधून ठेवताना डोलकाठीला घासत नाही. तुफानाचे शीड या तारेला आकड्यांनी अडकविले की त्याचा रेटा नौकेच्या मध्याकडे व खाली येतो. नाक खाली ढकलले जात नाही, सुकाणू हलके राहते आणि शीड चढविणारा माणूस नाळेच्या टोकापासून चारसहा पावले मागे, थोड्या स्थिर जागी उभा राहतो. एका हाताने नौका धरून दुसऱ्याने काम करणाऱ्या माणसाला त्या चारसहा पावलांची किंमत विचारावी.

यात दोन ठिकाणी फसगत होते. ही तार डोलकाठीच्या ज्या जागी ओढते तेथे पाठीमागून तिला आधार हवा. तार शेंड्याच्या जवळ पोहोचत असेल तर मागच्या मुख्य तारेचा आधार मिळतो. बरीच खाली असेल तर दोन्ही बाजूंना मागे ताणता येणारे वेगळे दोर लावावे लागतात. ते न लावल्यास प्रत्येक लाटेबरोबर डोलकाठी मध्यभागी पुढे-मागे लवत राहते आणि एक दिवस मोडते. दुसरी फसगत तारेच्या खालच्या टोकाशी होते. डेकच्या फळीला एक कडी ठोकून तार तीत अडकविली म्हणजे झाले, असे समजणारे कमी नाहीत. सात चौरस मीटर शिडावर पन्नास नॉटचा वारा जवळजवळ तीनशे किलोंचा रेटा आणतो. तार ताठ राहण्यासाठी द्यावा लागणारा ताण त्याच्या कितीतरी पट असतो. एवढ्या ताणाने डेक वर उचलले जाते. ती कडी डेकखालील आडव्या भिंतीला किंवा थेट नौकेच्या तळाला पोलादी सळईने बांधलेली असली पाहिजे. हे काम दिसत नाही, त्याचे छायाचित्र कोणी काढीत नाही, आणि म्हणूनच ते राहून जाते.

आता आकाराकडे वळावे. समुद्री शर्यतींचे नियमन करणाऱ्या ‘वर्ल्ड सेलिंग’ या संस्थेच्या सुरक्षा नियमांत दोन शिडांच्या कमाल मर्यादा सांगितल्या आहेत. पुढच्या तारेची डेकपासूनची उंची मोजावयाची आणि तिचा वर्ग करावयाचा. त्याच्या साडेतेरा टक्क्यांहून मोठे नसावे ते जोरदार वाऱ्याचे शीड. पाच टक्क्यांहून मोठे नसावे ते तुफानाचे, आणि त्याची पुढची कड त्या उंचीच्या पासष्ट टक्क्यांहून लांब नसावी. तार बारा मीटर उंच असेल, आणि बत्तीस फुटी नौकेला हे माप साधारण चालते, तर वर्ग एकशे चव्वेचाळीस. पहिले शीड सुमारे साडेएकोणीस चौरस मीटरचे आणि दुसरे सव्वासात चौरस मीटरच्या आतले. त्याची पुढची कड फार तर सात मीटर ऐंशी सेंटिमीटर.

या दोन आकड्यांमधली दरी पुष्कळ रुंद आहे, आणि प्रवाशाच्या दृष्टीने खरा प्रश्न त्या दरीत आहे. शर्यतीच्या नौकेवर आठदहा माणसे असतात. ती एकामागून एक शीड बदलू शकतात. प्रवासी नौकेवरची दोन माणसे तीस नॉटला एक आणि पन्नास नॉटला दुसरे अशी अदलाबदल करणार नाहीत. एकदा चढविलेले शीडच ती शेवटपर्यंत ठेवतील. नियमाप्रमाणे सव्वासातचे शीड घेतले तर पस्तीस नॉटच्या वाऱ्यात, म्हणजे प्रवाशाला प्रत्यक्षात वरचेवर भेटणाऱ्या हवेत, नौका लाटांपुढे अडखळते. वर चढण्याइतका जोर तिला मिळत नाही, म्हणून ते शीड पिशवीतच राहते आणि त्याच्याऐवजी गुंडाळीचे शीड ताणले जाते. म्हणून आतल्या तारेवर दहा-बारा चौरस मीटरचे, तुफानाच्या शिडाइतक्याच जाड कापडाचे आणि तितक्याच मजबूत शिवणीचे शीड प्रथम घ्यावे. शक्य असेल तर त्याला खालून एक पट्टा आखडून साताच्या आसपास आणण्याची सोय ठेवावी. निव्वळ तुफानाचे लहान शीड ही त्यानंतरची खरेदी होय. दक्षिण महासागरात किंवा उत्तर अटलांटिकच्या हिवाळ्यात जाणाऱ्याने मात्र दोन्ही घ्यावीत. तेथे या काटकसरीला जागा नाही.

या बाबतीत गोव्याच्या नौकेचे उदाहरण घेता येईल. भारतीय नौदलाची ‘तारिणी’ ही छप्पन्न फुटी नौका गोव्यात बांधली गेली. १० सप्टेंबर २०१७ रोजी सहा महिला अधिकारी तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी परतल्या. तिची डोलकाठी पंचवीस मीटर उंच आहे आणि तिच्यावरील सहा शिडांत एक तुफानाचे शीड ठेवलेले आहे. ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ या काळात त्याच नौकेने पुन्हा प्रदक्षिणा केली, या खेपेस तिच्यावर लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच होत्या. सहा जणींच्या जागी दोघी आल्या की शीड बदलण्याचा प्रत्येक निर्णय अधिक लवकर घ्यावा लागतो, हे निराळे सांगावयास नको.

तुफानाच्या शिडाच्या कापणीत काही गोष्टी पाहून घ्याव्यात. मागचा कोपरा उंच कापलेला असावा, म्हणजे डेकवरून धावणारे पाणी शिडात भरत नाही. त्याच कारणाने पुढचा खालचा कोपरा डेकला न भिडवता हातभर किंवा त्याहून अधिक लांबीच्या दोराने वर उचललेला ठेवतात. पाण्याचे वजन वाऱ्याहून शेकडो पटीने भारी; भरलेली लाट शिडाच्या कुशीत कोसळली तर जाड कापडही कागदासारखे फाटते. कापड साधे पॉलिएस्टरचे असावे. कार्बन किंवा त्या जातीचे ताठर, महागडे धागे तुफानाच्या शिडाला वापरू नयेत असे शर्यतीचे नियमही सांगतात, कारण ते फडफडीत लवकर मोडतात. शिवण तिहेरी, कोपऱ्यांवर थरांवर थर. रंग नारिंगी किंवा भडक गुलाबी. फेसाळलेल्या पांढऱ्या समुद्रात पांढरे शीड वरून जाणाऱ्या विमानाला दिसत नाही. १९९८ च्या डिसेंबरात सिडनी-होबार्ट शर्यतीतील नौका वादळात सापडल्या, सहा खलाशी दगावले आणि पंचावन्न जणांना उचलून आणावे लागले. अशा वेळी शोध घेणाऱ्याच्या नजरेत पहिल्यांदा काय भरते याला महत्त्व येते.

शिडाच्या मागच्या कोपऱ्याला दोर पोलादी कडीने न अडकविता गाठीने बांधावेत. फडफडणाऱ्या शिडाच्या टोकाशी असलेली लोखंडी कडी म्हणजे गोफणीतला दगड; तिने कित्येकांचे दात आणि कवट्या फोडल्या आहेत. ते दोर डेकवर कोठून वळवावयाचे ती जागाही आधी शोधून पक्की करावी लागते. मोठ्या शिडासाठी असलेली जागा लहान शिडाला फार मागे पडते. तेथून ओढल्यास खालची कड ताठ होते आणि वरचा भाग लटपटत राहतो. ज्याचा वरचा अर्धा भाग फडफडतो असे तुफानाचे शीड तासाभरात स्वतःचा निकाल लावून घेते.

नौकेचा स्वभावही विचारात घ्यावा लागतो. सुहेलीसारख्या लांब कण्याच्या जुन्या घाटणीच्या नौका शीड उलट्या बाजूस ताणून, सुकाणू विरुद्ध दिशेला बांधून, वाऱ्याला तिरक्या जवळजवळ जागच्या जागी उभ्या राहतात. खलाशी आत जाऊन चहा करू शकतो. अरुंद, खोल, पात्यासारख्या कण्याच्या आधुनिक नौका अशा उभ्या राहण्यास नाखूश असतात. उलट ताणलेले पुढचे शीड त्यांचे नाक खाली ढकलते, नौका वेग घेते, वर वळते, पुन्हा ढकलली जाते. अशा नौकेला पुढच्या तुफानी शिडाबरोबर डोलकाठीच्या मागे लहान ट्रायसेल चढवून दोहोंचा तोल साधावा लागतो, किंवा सुकाण्यावर सतत माणूस ठेवून हळूहळू पुढे जात राहावे लागते. शेजारच्या नौकेला जे मानवले ते आपल्या नौकेला मानवेलच असे धरून चालणे येथे फार महागात पडते. प्रत्येकाने आपल्या नौकेवर तीस नॉटच्या वाऱ्यात, खाडीच्या तोंडाशी, परतीची वाट मोकळी असताना हे प्रयोग करून पाहावेत.

शिडाला सोसवेल त्याच्या पलीकडचेही एक तुफान असते. कमांडर अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत ‘थुरिया’ ही, सुहेलीच्याच आराखड्यावर गोव्यात बांधलेली नौका घेऊन गेले. २१ सप्टेंबर रोजी हिंदी महासागराच्या दक्षिण भागात लाटांनी ती उलथली. डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्ती नौकेने त्यांना उचलले. तशा लाटेपुढे पाच चौरस मीटर की सात हा वाद व्यर्थ ठरतो. हेच टॉमी २०२२ मध्ये दुसऱ्या नौकेतून त्याच शर्यतीस पुन्हा निघाले आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसऱ्या क्रमांकाने पोहोचले.

राहता राहिली पिशवी. शिवणाऱ्याकडून आलेले तुफानाचे शीड पुष्कळ नौकांवर जसेच्या तसे घडीत, गाद्यांच्या आणि कॅनच्या खाली तळाशी जाते आणि वर्षानुवर्षे तेथेच राहते. ज्या दिवशी ते हवे असते त्या दिवशी केबिनमध्ये गुडघाभर सामान घरंगळत असते. म्हणून ही पिशवी जिन्याजवळ, हात घालताच सापडेल अशा जागी असावी. शीड घडी घालताना पुढची कड वर राहील, आकडे ओळीने एकाच बाजूस येतील आणि दोन्ही दोर आधीच गाठलेले, वेटोळे करून वरच ठेवलेले असतील असे पाहावे. खालच्या कोपऱ्याला वर उचलणारा दोरही त्याच्या जागी बांधलेला असावा. पिशवीच्या तळाला एक कडी असावी, म्हणजे पिशवी आधी डेकला बांधून शीड तिच्यातूनच थेट तारेला अडकविता येते आणि वारा ते हातातून हिसकावून नेत नाही. शिडाच्या तिन्ही कोपऱ्यांवर कोणता कोपरा कोणता ते जाड शाईने, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. उजेडात हे लिहिणे हास्यास्पद वाटते. रात्री दोन वाजता, डोळ्यांत खारे पाणी गेलेले असताना, गारठलेल्या बोटांनी आकडे उघडणाऱ्याला ते वाचावयाचे असते.